डेटा सेंटरची हिरवी वीज आणि सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस

चेन्नईत डेटा सेंटर उभारणाऱ्या जवळपास प्रत्येक कंपनीच्या जाहिरातीत आज एक वाक्य हमखास सापडते : आमचे केंद्र हरित ऊर्जेवर चालते, किंवा अमुक सालापर्यंत पूर्णपणे हरित ऊर्जेवर चालेल. त्या वाक्याच्या पाठीमागे कार्बनचा हिशोब असतो. किती टन कार्बन वाचला, किती कोळसा जळायचा राहिला, वगैरे. तो हिशोब पूर्ण खरा मानला तरी चार रकाने कोरेच राहतात : जमीन कोणाची गेली, मजुरी कोणाची बुडाली, वीजबिलाचा भार कोणावर सरकला आणि नोकरी कोणाला मिळाली. भारतात हे चार रकाने जातीचे नाव न घेता भरता येत नाहीत. म्हणून ते कोरे ठेवणे सगळ्यांनाच सोयीचे जाते.

हा विषय इंजिनिअर आणि गुंतवणूकदारांचा आहे, आपला नाही, असे समजून आपण बाजूला बसू नये. आपल्या घरातून पहिल्यांदा पदवी घेतलेली कितीतरी मुले-मुली आज हिंजवडी, ऐरोली, बंगळुरू आणि चेन्नईच्या कंपन्यांत काम करतात. त्यांचे आईवडील अजून गावात आहेत, कोणी दुसऱ्याच्या शेतावर, कोणी गायरानाच्या दोन एकरांवर. डेटा सेंटरची वीज या दोन टोकांना जोडते. एका टोकाला आपण लॅपटॉप उघडून बसलेले असतो आणि दुसऱ्या टोकाला आपलाच माणूस सोलरच्या कुंपणाबाहेर उभा असतो.

आधी डेटा सेंटर म्हणजे काय ते साध्या भाषेत पाहू. आपण पाठवलेला फोटो, बँकेचा व्यवहार, ऑनलाइन परीक्षेचा अर्ज, एआयला विचारलेला प्रश्न, हे सगळे कुठल्यातरी इमारतीतल्या हजारो संगणकांवर साठवले आणि हाताळले जाते. ते संगणक दिवसरात्र चालू असतात, तापतात, आणि त्यांना थंड ठेवायलाही वीज लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल असे हीच संस्था सांगते.

भारतात या धंद्यात मुंबई-नवी मुंबई पहिली आणि चेन्नई तिच्या मागोमाग. चेन्नईच्या किनाऱ्यावर समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेट केबल उतरतात, हे त्याचे मोठे कारण. शहराच्या पश्चिमेला अंबत्तूर आणि दक्षिणेला जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरचे, म्हणजे ओएमआरवरचे, सिरुसेरी ही डेटा सेंटरची दोन मोठी ठाणी. तामिळनाडू सरकारने २०२१ मध्ये डेटा सेंटरसाठी वेगळे धोरणच आणले आणि वीजकर, मुद्रांक शुल्क अशा सवलती देऊ केल्या. अंबत्तूरमध्ये जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या, रिलायन्सची भागीदारी असलेल्या एका केंद्राचा पूर्ण आराखडाच १०० मेगावॅटचा आहे.

१०० मेगावॅट म्हणजे किती, हे आपल्या घरच्या मापाने मोजू. एक मेगावॅटचा भार वर्षभर अखंड चालला तर ८७ लाख ६० हजार युनिट वीज लागते. तामिळनाडूत घरगुती ग्राहकाला दर दोन महिन्यांना १०० युनिट मोफत मिळतात, म्हणजे वर्षाला ६००. या हिशोबाने एक मेगावॅटचे डेटा सेंटर १४,६०० घरांच्या मोफत विजेइतकी वीज घेते. १०० मेगावॅट पूर्ण भाराने चालले तर १४ लाख ६० हजार घरांइतकी. थंडाव्याची वीज यात धरलेलीच नाही.

आता ही वीज सूर्यापासून घ्यायची ठरवली तर जमीन किती लागेल? सोलर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीने आपल्या क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढीच वीज देतो, कारण रात्र असते, ढग असतात. म्हणजे चोवीस तासांच्या एका मेगावॅटमागे पाच मेगावॅटचे पॅनल हवेत. एका मेगावॅटच्या पॅनलला अंदाजे चार एकर धरले तर वीस एकर. १०० मेगावॅटच्या एका केंद्रामागे दोन हजार एकर. पवनचक्क्यांची वीज मिसळली तर हा आकडा बराच खाली येतो, पण तरी तो शेकड्यांत राहतो. चेन्नईतली इमारत काही एकरांची, पण तिची सावली कुठल्यातरी दूरच्या तालुक्यात हजार एकरांवर पडते.

ती सावली कुठे पडते ते पाहू. तामिळनाडूच्या दक्षिणेला रामनाथपुरम जिल्ह्यात कमुदी नावाचे गाव आहे. तिथे २०१६ मध्ये अदानी समूहाने ६४८ मेगावॅटचा सोलर प्रकल्प उभारला. सुमारे अडीच हजार एकरांवरचा हा प्रकल्प तेव्हा एका ठिकाणचा जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजला. त्याची वीज डेटा सेंटरला जात नाही, राज्याच्या वीज कंपनीला ७ रुपये १ पैसा या दराने विकली जाते. पण अशा प्रकल्पांसाठी जमीन कशी आणि कोणत्या गावात उभी राहते, हे कमुदीवरून कळते. कोरडवाहू मुलूख, स्वस्त जमीन, आणि जातीचा जुना इतिहास. १८९७ मध्ये याच कमुदीच्या मंदिरात नाडार समाजाचे लोक शिरले म्हणून त्यांच्यावर खटला गुदरला गेला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०८ मध्ये निकाल नाडारांच्या विरोधात लागला. याच जिल्ह्यातल्या परमकुडीत १९५७ मध्ये दलित नेते इमानुएल शेखरन यांची हत्या झाली. अशा मुलखात जमीन कोणाच्या नावावर असते आणि तिच्यावर राबते कोण, हे वेगळे सांगायची गरज नाही.

कमुदीच्या प्रकल्पात पॅनलवरची धूळ पुसायला यंत्रमानव आहेत. शेतात निंदणी, खुरपणी, काढणीला जे हात लागत होते, त्यांना कुंपणाच्या आत साफसफाईचे कामही उरत नाही. पहारेकरी, गवत कापणारे, उन्हाळ्यात थोडे रोजंदारीवाले, एवढीच जागा.

शेजारच्या कर्नाटकातले उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तिथे जमीन विकत न घेता भाड्याने घेतली गेली. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडा सोलर पार्कसाठी पाच गावांची सुमारे १३ हजार एकर जमीन २८ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. सुरुवातीचा दर एकरी वर्षाला २१ हजार रुपये. शेतकऱ्याची मालकी शाबूत, वर्षाला ठरलेले उत्पन्न, सरकारचा मध्यस्थ म्हणून हात. अनेक ठिकाणी हा नमुना आदर्श म्हणून सांगितला जातो, आणि जमीन हिसकावण्यापेक्षा तो नक्कीच बरा आहे. पण भाडे मिळते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. ज्याला पन्नास एकर, त्याला वर्षाला साडेदहा लाख घरबसल्या. ज्याला दोन एकर, त्याला बेचाळीस हजार. आणि ज्याच्याकडे फक्त हातपाय, जो त्या पन्नास एकरांवर वर्षातले सहा महिने राबत होता, त्याला शून्य. त्याची शेळ्या चारायची जागाही कुंपणात गेली. पावगड्याच्या भूमिहीनांत मोठा वाटा दलितांचा आहे. त्यातले कित्येक कामासाठी बंगळुरूची वाट धरतात.

हे एका गावापुरते नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती देशाच्या लोकसंख्येच्या १६.६ टक्के होत्या. २०१५-१६ च्या कृषिगणनेत त्यांच्या वहिवाटीखालची जमीन मात्र एकूण जमिनीच्या नऊ टक्क्यांच्याही आत होती. शेतीवर जगणाऱ्या अनुसूचित जातीच्या माणसांपैकी सुमारे ७१ टक्के दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करतात. जमिनीचे भाडे ज्या समाजात जमीनमालकाच्या घरात थांबते, त्या समाजात सूर्यप्रकाशाचे भाडेही जातीच्या उतरंडीनेच वाटले जाणार.

इथे कायद्यातली एक मेख समजून घेतली पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या शब्दाची व्याख्या रुंद केली. जमीन नसलेला, पण संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या भागात शेतमजूर, कूळ किंवा वाटेकरी म्हणून जगणारा माणूसही बाधित ठरतो. त्याचे पुनर्वसन करावे लागते, सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा लागतो. लढून मिळवलेली ही तरतूद आहे. पण कंपनीने जमीन थेट खासगी व्यवहाराने घेतली किंवा भाड्याने घेतली, तर हा कायदा बहुतेक वेळा दारातच अडतो. त्यात सोलर प्रकल्पांना पर्यावरण परवानगीच्या अधिसूचनेतूनही सूट आहे, म्हणजे जनसुनावणीही नाही. हिरवा शिक्का लागल्यामुळे भूमिहीनाला प्रश्न विचारायची खिडकीच बंद होते.

चेन्नईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सिरुसेरी ज्या चेंगलपट्टू जिल्ह्यात येते, तो दलितांच्या जमीनहक्काच्या इतिहासातला महत्त्वाचा जिल्हा. १८९१ मध्ये तिथला ब्रिटिश जिल्हाधिकारी ट्रेमेनहिअर याने अस्पृश्यांच्या स्थितीवर अहवाल लिहिला. जमीन मिळाल्याशिवाय या माणसांची गुलामी सुटणार नाही, असा त्याचा रोख होता. त्यातून १८९२ मध्ये मद्रास सरकारने अस्पृश्यांना जमीन द्यायचे ठरवले. तीच पंचमी जमीन. सुमारे १२ लाख एकरांचा आकडा सांगितला जातो. ही जमीन अस्पृश्येतरांना विकता येणार नाही अशी अट होती. आज तिचा फार मोठा हिस्सा इतरांच्या ताब्यात आहे. १९९४ मध्ये याच जिल्ह्यातल्या करणै गावच्या पंचमी जमिनीसाठी आंदोलन झाले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात जॉन थॉमस आणि एळुमलै हे दोघे मारले गेले. बाबासाहेबांबरोबर गोलमेज परिषदेला बसलेले रेट्टमलै श्रीनिवासन हेही याच जिल्ह्याचे.

एखादे डेटा सेंटर पंचमी जमिनीवर उभे आहे असा आरोप मी करत नाही. मुद्दा वेगळा आहे. ज्या राज्यात लाखो एकर दलितांची जमीन कागदोपत्री दलितांची आणि ताब्यात दुसऱ्याची आहे, तिथे सोलर आणि पवनचक्क्यांसाठी हजारो एकरांचे सौदे होतात तेव्हा ‘ही जमीन मुळात कोणाची?’ हा प्रश्न कोणाच्याच तपासणी यादीत नसतो. एकदा पंचवीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा झाला, त्यावर बँकेचे कर्ज चढले, की मूळ हक्कदाराने दाद मागायची कोणाकडे?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ऐकताना महार वतन आठवेल. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने संपली. पण वतनाच्या जमिनी कवडीमोलाने हातच्या जाण्याचा सिलसिला थांबला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा ३०० कोटींचा व्यवहार उजेडात आला. शासनाच्या ताब्यातली ती जमीन विकली गेली होती, आणि मुद्रांक शुल्कात सवलत मागताना पुढे केलेले कारण होते डेटा सेंटर. ओरड झाल्यावर व्यवहार रद्द करत असल्याचे जाहीर झाले, गुन्हे दाखल झाले, चौकशी लागली. चौकशीतून जे निघायचे ते निघेल. पण ‘डेटा सेंटर’ हा शब्द सरकारी दारे किती पटकन उघडतो, आणि त्या दारामागे आपल्या आजोबा-पणजोबांची जमीन असू शकते, हे त्या प्रकरणाने आपल्याला दाखवले.

वतनानंतर गायरान. तामिळमध्ये त्याला पोरंबोक म्हणतात. कोणाच्या नावावर नसलेली, गावाच्या कामाची जमीन. महसुली भाषेत ती ‘पडीक’. पण दलित, भटके, आदिवासी यांच्यासाठी तीच चूल पेटवणारी जमीन. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखो माणसे तुरुंगात गेली, ती याच जमिनीसाठी. मराठवाड्यात आजही हजारो कुटुंबे गायरान कसतात आणि नावावर होण्याची वाट पाहतात. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी, त्यात गायरानही, सोलर प्रकल्पांना दिल्या जात आहेत. हेतू शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचा आहे आणि तो चांगलाच आहे. डेटा सेंटरशी त्याचा थेट संबंध नाही. पण खासगी जमीन द्याल तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे, आणि गायरान कसणाऱ्याला मात्र अतिक्रमणदार म्हणून नोटीस, हा फरक पाहा. उद्या नवी मुंबईच्या डेटा सेंटरांना हिरवी वीज हवी म्हणून हीच पद्धत दहापट वेगाने वापरली गेली तर?

सातबारा असलेल्याचेही सगळे बरे चालते असे नाही. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील ऊर्जा प्रकल्पासाठी गेलेल्या पाच एकरांचा योग्य मोबदला मागत होते. सुमारे चार लाख रुपये हातावर टेकवले गेले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी ते गेले. ज्याच्याकडे कागद होता, वय होते, मंत्रालयापर्यंत जायची धडपड होती, त्याची ही गत. कागदच नसलेल्याने कोणत्या खिडकीवर उभे राहायचे?

जमिनीनंतर वीजबिल. हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण पदवीधराने तो समजून घेतलाच पाहिजे. आपल्याकडे मोठे औद्योगिक आणि व्यापारी ग्राहक विजेला जास्त दर देतात आणि त्या जादा पैशातून गरिबाच्या घरची, शेतपंपाची वीज स्वस्त होते. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. मोठ्या ग्राहकाने सरकारी वीज कंपनी सोडून बाहेरून वीज घेतली तर त्याला अधिभार भरावा लागतो, म्हणजे गरिबाचा वाटा बुडत नाही. पण स्वतःच्या मालकीच्या प्रकल्पातून वीज घेतली तर २००३ च्या वीज कायद्यात या अधिभारातून सूट आहे. आणि ‘स्वतःचा प्रकल्प’ ठरायला नियमांप्रमाणे भांडवलात २६ टक्के हिस्सा आणि ५१ टक्के विजेचा वापर एवढे पुरते. अनेक ग्राहक मिळूनही हा हिस्सा धरू शकतात. म्हणून मोठे ग्राहक सोलर किंवा पवन कंपनीत हिस्सा घेतात, त्यात डेटा सेंटरही आहेत. वीज स्वस्त पडते, हिरवा शिक्का मिळतो आणि अधिभार वाचतो.

हे बेकायदा नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की चांगले पैसे देणारा ग्राहक सरकारी वीज कंपनीच्या वहीतून निघून जातो आणि मोफत किंवा स्वस्त विजेवर अवलंबून असलेला ग्राहक तेवढा उरतो. तोटा वाढला की दरवाढ येते, नाहीतर ‘फुकट्यांमुळे कंपनी बुडाली’ ही ओरड. ओएमआरवरच कण्णगी नगर, सेम्मंचेरी, पेरुंबाक्कम अशा वसाहती आहेत. शहराच्या मधल्या झोपडपट्ट्या उठवून माणसे तिथे नेऊन टाकली. त्यांत दलितांचे प्रमाण मोठे. त्यांच्या घरातले ते दोन महिन्यांचे १०० युनिट आणि सिरुसेरीतले डेटा सेंटर एकाच तारेच्या व्यवस्थेवर आहेत. तार सगळ्यांनी वापरायची, रात्री वारा पडला की सरकारी कंपनीने सांभाळून घ्यायचे, आणि गरिबाच्या बिलाचा वाटा द्यायची वेळ आली की ‘आमचा प्रकल्प आमचा’ म्हणायचे, हा कसला न्याय?

रात्रीचा मुद्दाही तपासू. ‘शंभर टक्के हरित’ हा दावा बहुतेक वेळा वर्षाच्या बेरजेवर असतो. वर्षभरात जितकी वीज वापरली तितकीच हरित वीज कुठेतरी तयार झाली, की हिशोब जुळला. पण डेटा सेंटर रात्री दोन वाजताही चालते. तामिळनाडूत वारा जोरात वाहतो तो साधारण मे ते सप्टेंबर. डिसेंबरच्या रात्री सूर्य नाही, वारा मंद. तेव्हा वीज येते ती ग्रिडमधून, आणि त्यात कोळशाचा मोठा वाटा. चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरच्या खाडीकाठी औष्णिक वीज केंद्रे आहेत. त्यांची राख खाडीत उतरते, मासे मरतात, मच्छीमारांचे जाळे रिकामे येते. दक्षिण चेन्नईतला हिरवा शिक्का उत्तर चेन्नईच्या राखेवर रात्र काढतो. गूगलसारखी कंपनी २०१७ पासून वर्षाची बेरीज जुळवत आली आहे. वर्षाची बेरीज पुरेशी नाही, तासातासाचा हिशोब हवा, हे तिनेही मान्य करून २०३० चे लक्ष्य ठेवले.

मग कोळसाच बरा होता का? अजिबात नाही. कोळशाची राख, खाणीची धूळ आणि हवामान बदलाचा तडाखा सगळ्यांत आधी आपल्याच वस्त्यांना बसतो. दुष्काळात पहिली मजुरी शेतमजुराची जाते, पुरात पहिली झोपडी ओढ्याकाठची वाहते. सूर्य आणि वाऱ्याची वीज आपल्यालाच सर्वांत जास्त हवी आहे. म्हणूनच ती कोणाच्या मालकीची आणि कोणाच्या पाठीवरून येते, हे विचारायचा हक्कही सर्वांत आधी आपला.

मुळशीची आठवण इथे उपयोगी पडेल. शंभर वर्षांपूर्वी टाटांनी मुंबईच्या गिरण्यांसाठी सह्याद्रीत धरणे बांधली. पाण्याची वीज, धूर नाही, प्रगती आहे, असेच तेव्हाही सांगितले गेले. १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तेव्हा सावकार पुढे आणि कसणारा मावळा मागे राहिला. सेनापती बापटांचे नाव इतिहासात आले. ज्याची भाकरी बुडाली त्या मजुराचे नाव कोणाला ठाऊक आहे? धूर नसलेली वीज आपोआप न्याय्य होत नाही, हा धडा महाराष्ट्राने तेव्हाच घेतला असता तर बरे झाले असते.

विजेच्या मालकीचा प्रश्न बाबासाहेबांनी थेट मांडला होता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व जलसिंचनही त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युत शक्तीच्या धोरण समितीसमोर केलेल्या भाषणात त्यांनी विचारले की वीज खासगी मालकीची असावी की सरकारच्या, आणि ती स्वस्त व मुबलक कशाने होईल. त्यांच्यासाठी वीज हे दारिद्र्यातून बाहेर पडायचे साधन होते. वीज असेल तर उद्योग येतील, उद्योग आले तर शेतीवर कोंबलेला माणूस तिथून सुटेल. पुढे १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि शेतीत जमीनदार, कूळ, भूमिहीन असे भेद राहू नयेत, अशी मांडणी केली. वीज आणि जमीन हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच कागदावर ठेवले. आज आपल्यापुढे हेच दोन प्रश्न पुन्हा एकत्र आले आहेत.

आणि त्यातूनच नोकरीचा प्रश्न निघतो. आपल्यातल्या कितीतरी घरांची पहिली पक्की नोकरी वीज मंडळातली होती. वायरमन, लाइनमन, ऑपरेटर, ज्युनिअर इंजिनिअर. आरक्षण होते म्हणून ती मिळाली, आणि त्या पगारावर पुढची पिढी कॉलेजात गेली. हरित विजेचा नवा विस्तार मात्र बहुतांश खासगी कंपन्यांच्या हातात आहे. तिथे आरक्षण नाही, भरती कशी होते ते कळत नाही. डेटा सेंटरमध्येही पक्क्या जागा मोजक्या, पहारा आणि साफसफाई कंत्राटावर. म्हणजे वीज सार्वजनिक होती तेव्हा आपण दारातून आत आलो, आणि आता ती हिरवी होत असताना दारच बदलले जात आहे.

काय मागायचे, तेही स्पष्ट असले पाहिजे.

पहिली मागणी, ज्या प्रकल्पाची वीज डेटा सेंटर ‘हरित’ म्हणून दाखवते त्याच्या जमिनीचे गट क्रमांक जाहीर करा. पंचमी, वतन, गायरान, वनहक्क यांचे दावे तपासल्याशिवाय भाडेपट्टा नोंदवू नका. दुसरी, जमीन भाड्याने घेतली तरी २०१३ च्या कायद्यातली बाधित कुटुंबाची व्याख्या लागू करा. भाड्याचा ठरावीक हिस्सा भूमिहीन मजूर कुटुंबांना थेट मिळाला पाहिजे, प्रकल्प आहे तोवर. गायरान कसणाऱ्यांना आधी पट्टा द्या, मग तेच भाडे घेतील. तिसरी, ठरावीक आकाराच्या वरच्या डेटा सेंटरांची अधिभारातली सूट काढा आणि तो पैसा गरिबांच्या मोफत युनिटसाठीच राखून ठेवा. चौथी, जिथे सरकारी सवलत तिथे प्रतिनिधित्व. वीजकर माफ होतो, मुद्रांक शुल्क माफ होते, तर भरतीचे सामाजिक आकडे जाहीर करायला हरकत काय? सरकारी कंपन्यांनी स्वतः सोलर आणि पवन प्रकल्प उभारावेत, म्हणजे आरक्षणाची जागा शिल्लक राहील. पाचवी, वर्षाच्या बेरजेऐवजी तासातासाचा हिशोब.

यातली एकही मागणी डेटा सेंटर बंद पाडणारी नाही. ज्या धंद्यात हजारो कोटींची गुंतवणूक होते, त्याला पावगड्याच्या मजुराचे महिन्याचे दोन-तीन हजार जड होणार नाहीत.

आणि हे काम दुसरे कोणी करणार नाही. पर्यावरणाची बाजू मांडणाऱ्यांमध्ये आपली माणसे कमी, उद्योगाच्या बाजूला त्याहून कमी. पण आता आपल्याकडे इंजिनिअर आहेत, वकील आहेत, सीए आहेत, तलाठ्याची परीक्षा दिलेली मुले आहेत. राज्य वीज नियामक आयोग दर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना आणि हरकती मागवतो. तिथे मोठ्या ग्राहकांचे वकील असतात, गरिबाचा बहुधा कोणी नसतो. एक पानाची लेखी हरकत द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमांमुळे दरवर्षी शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. तो मोफत वाचता येतो, आणि त्यात जमिनीबद्दल किती ओळी आहेत हे मोजता येते. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

सुरुवात गावापासून करा. या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा विचारा, आपल्या गायरानावर कोणी मोजणी करून गेले का, ग्रामसभेत सोलरचा ठराव झाला का, ठरावावर सह्या कोणाच्या आहेत. कागदाची प्रत मागवून घ्या आणि वाचा. आपल्या घरात तो कागद वाचू शकणारी पहिली व्यक्ती कदाचित तुम्हीच आहात.

जय भीम.